आधी वूफर मोजा, मग सुताराकडे जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या सामानाचा उपयोग सांगणारं सदर येतं. त्यात मागे जुन्या स्पीकरपासून घरगुती सबवूफर, म्हणजे फक्त खालचे जाड सूर (बास) वाजवणारी पेटी, बनवण्यावर अर्धं पान आलं होतं. नंतर त्यावर दोन वाचकांची पत्रंही आपण छापली. एका गृहस्थांची तक्रार होती की पेटी केवढी करायची हे लेखात कुठेच नाही. दुसऱ्यांनी लिहिलं होतं की वूफर हा प्रकारच सरकारने बंद करावा, वरातींनी जीव नकोसा केला आहे. मी ब्रह्मपुरी तालुक्यात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो. राईस मिलच्या मोटारी, शेतातले पंप आणि मधल्या वेळात बिछायत केंद्रवाल्यांचे (मंडप-माईक भाड्याने देणाऱ्यांचे) जळके ॲम्प्लिफायर, असं माझं काम. पहिल्या गृहस्थांची तक्रार रास्त आहे. दुसऱ्यांचं दुखणं खरं आहे, पण इलाज चुकला आहे. आणि मूळ लेखाबद्दल थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

लेखात चार गोष्टी सांगितल्या होत्या. कोणताही जुना वूफर (बास वाजवणारा मोठा स्पीकर) घ्या, पेटी जितकी मोठी तितका बास जास्त, पुढच्या फळीला दोन इंची भोक पाडा आणि आतून थर्माकोल चिकटवा. चारपैकी एकही गोष्ट तशी नाही. थर्माकोलचं आधी निपटवून टाकतो. तो आवाज शोषत नाही. त्याच्या आतली हवा बारीक बारीक बंद कप्प्यांत असते, आवाजाला आत शिरायला वाटच नसते. तो फ्रिजच्या खोक्यात ठीक. बाकीच्या तीन गोष्टींची उत्तरं तुमच्या हातातला वूफर देतो, पण त्याला विचारावं लागतं. लेखकाने विचारायचं कसं तेच सांगितलं नाही, म्हणून हे पत्र.

माझ्याकडचा वूफर १० इंची. भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या मामेभावाकडे डेकच्या जमान्यातला मोठा सेट होता. भिंतीची ओल लागून त्याच्या भुशाच्या फळ्या फुगल्या, कोपरे सुटले, आणि पेट्या भंगारात निघाल्या. मी आतले वूफर तेवढे काढून घेतले. एकाची कॉइल (मागच्या मॅग्नेटमध्ये हलणारी तारेची गुंडाळी) घासत होती. दुसरा धडधाकट.

जुना वूफर हाती आला की आधी कोनाच्या, म्हणजे पुढच्या हलत्या पडद्याच्या, कडेची लवचिक रिंग पाहायची. ती फोमची असेल तर बोट लावताच भुगा पडतो. आपल्याकडच्या पावसाळ्याची दमट हवा त्या फोमला आतून खाते, मग वूफर वाजवलेला असो की फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेला. रबरी किंवा कापडी रिंग टिकते. रिंग बरी दिसली की वूफर उताणा ठेवावा, दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर टेकवावीत, कोन सरळ खाली दाबावा आणि कान जवळ न्यावा. खरखर ऐकू आली तर कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासते आहे. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या टोकाला लावलं तेच स्पीकरचं प्लस. आणखी एक गोष्ट पुष्कळ मेकॅनिकही करत नाहीत. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत उभा राहिलेला कोन वजनाने किंचित खाली ओघळलेला असतो. नव्या पेटीत बसवताना वूफर अर्धा वळसा फिरवून बसवावा, म्हणजे ओघळ उलट दिशेने भरून निघतो.

मी पेटीला भोक पाडलं नाही, बंद पेटी केली. बरं, बंद पेटीच का? साधा हिशेब आहे. कोन पुढे जातो तेव्हा मागची हवा विरळ होते, मागे येतो तेव्हा दाबली जाते. पेटीला कुठेही भोक नसेल तर ही कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते आणि कोनाला आवरते. ही स्प्रिंग कापडाच्या आणि रबराच्या स्प्रिंगपेक्षा जास्त इमानी असते, कमी हलवा की जास्त, ताण त्याच प्रमाणात देते. हे १९५४ साली अमेरिकेत एडगर विलचर यांनी करून दाखवलं. त्यांच्या आणि हेन्री क्लॉस यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-१ हा स्पीकर याच तत्त्वावरचा. त्याआधी असा बास हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागायची. याच विलचर यांनी पुढे कमी ऐकू येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रावर काम केलं आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. वूफर म्हटलं की ज्यांना नुसता बहिरेपणाच आठवतो त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

पेटी किती लिटरची, हे गणित ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी बसवून दिलं. नेव्हिल थील यांनी १९६१ साली भोकाच्या पेटीचं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२च्या सुमारास बंद पेटीचं. आज जगभर ज्याला थील-स्मॉल आकडे म्हणतात ते हेच. नव्या वूफरच्या खोक्यात त्याचा कागद येतो. जुन्याचा कागद कुणाकडे नसतो, आणि असला तरी त्यावर भरवसा ठेवू नये, कारण वयाने रबर आणि स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी कापडी चकती) दोन्ही बदललेले असतात. म्हणून स्वतः मोजावं.

मोजायला लागतं काय, तर मोबाइलमधलं फुकटचं टोन जनरेटर ॲप, एक छोटा ॲम्प्लिफायर, १०० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर आणि बऱ्यापैकी मल्टिमीटर. दोनशे रुपयांचा पिवळा मीटर एसीचे बारीक व्होल्ट नीट दाखवत नाही, तो कुणाकडून तरी चांगला मागून आणावा. वूफर पडून राहिलेला असेल तर आधी २० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला वीस हेलकाव्यांचा, मंद सूर लावून त्याला काही तास हलू द्यावं. स्पायडर आखडलेलं असतं, तसंच मोजलं तर आकडा चढा येतो. मग वूफर दोरीने मोकळ्या हवेत टांगावा. रेझिस्टर आणि वूफर एकामागे एक जोडून सूर द्यावा, दोन्हींवरचे व्होल्ट वेगवेगळे मोजावेत, वूफरच्या व्होल्टला रेझिस्टरच्या व्होल्टने भागून १०० ने गुणावं. त्या हर्ट्झला वूफर किती ओहमचा आहे ते निघतं.

माझ्या वूफरची कॉइल डीसीवर ६.१ ओहम भरली. सूर हळूहळू वर नेला तसे ओहम चढत गेले, ३१ हर्ट्झला ५५ झाले आणि तिथून उतरले. हा ३१ हर्ट्झ त्या कोनाचा स्वतःचा सूर, त्याला एफएस म्हणतात. ५५ ला ६.१ ने भागलं तर ९. नऊचं वर्गमूळ ३. आता ६.१ च्या तिप्पट, म्हणजे सुमारे १८ ओहम जिथे भरतात अशा दोन जागा शोधायच्या, शिखराच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. माझ्या निघाल्या २१.८ आणि ४४ हर्ट्झ. मोजणी बरोबर आहे की नाही हे इथेच कळतं. या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ पुन्हा ३१ च्या जवळ यायला हवं, आणि ते येतं. मग ३१ गुणिले ३, भागिले दोन जागांमधलं अंतर २२.२, म्हणजे ४.२. त्याला ९ ने भागलं की ०.४६५, हा क्यूटीएस, म्हणजे कोन एकूण किती आवरलेला आहे त्याचा आकडा. त्याच ४.२ ला नवातून एक वजा करून ८ ने भागलं की ०.५२, हा क्यूईएस, त्यातला नुसता कॉइल-मॅग्नेटच्या आवराचा. आठवी-नववीच्या मुलाला जमेल असं गणित आहे. माझ्या पुतणीने केलं, मी फक्त मीटर वाचला.

राहिला शेवटचा आकडा, व्हीएएस. कोनाचा जितका लवचिकपणा, तितकीच लवचिक हवा किती लिटर भरेल, तो हा आकडा. त्यासाठी कोन ठरलेल्या वजनाने जड करायचा आणि त्याचा सूर किती उतरतो ते पाहायचं. मी घरातून कणीक आणली. आमच्या भजनी मंडळातला मृदंगवाला धुम्याला (मृदंगाच्या डाव्या तोंडाला) कणीक थापून सूर खाली आणतो, अगदी तेच इथे करायचं आहे, फरक एवढाच की इथे कणीक तोलून घ्यायची. घट्ट मळलेली २५ ग्रॅम कणीक सोनाराच्या काट्यावर मोजून घेतली आणि मधल्या टोपीभोवती गोल दाबून बसवली. ३१ चा सूर २५.३ वर आला. ३१ भागिले २५.३, त्याचा वर्ग दीड, वजा एक, उरला अर्धा. २५ ला अर्ध्याने भागलं की ५० ग्रॅम, हे कोनाचं हलतं वजन. मृदंगवाले बुवा तिथेच बसले होते. त्यांनी कोनावर टिचकी मारली आणि म्हणाले, "अजून एक पेढ्याएवढी लाव, मंग घुमन." कणीक मात्र काम झालं की लगेच काढावी, कागदी कोन ओल धरतो.

हे वजन, ३१ हर्ट्झ आणि कोनाचा व्यास (रिंगच्या मध्यापासून मध्यापर्यंत, माझा २०.५ सेंटिमीटर) एवढं कळलं की व्हीएएस निघतो. त्याचं सूत्र लांबडं आहे, मोबाइलवरचे कॅल्क्युलेटर ते करून देतात. माझा आला ८१ लिटर.

आणि आता पहिल्या पत्रलेखकांनी विचारलेलं. ०.७०७ ला क्यूटीएसने भागा, आलेल्याचा वर्ग करा, त्यातून एक वजा करा, जे उरेल त्याने व्हीएएसला भागा. तेवढ्या लिटरची बंद पेटी केली तर बास सपाट येतो, कुठे फुगवटा नाही. माझ्या वूफरला ६२ लिटर आले, आणि पेटीत बसल्यावर ३१ चा सूर चढून ४७ हर्ट्झ होणार हेही त्याच गणितात कळलं. पेटी याहून फार लहान केली तर एकच सूर घुमत राहतो, गाणं कोणतंही लावा. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त डब्यांचं हेच होतं. फार मोठी केली तर बास वाढत नाही, उतार आधीपासून सुरू होतो आणि कोनाला आवरणारी हवा सैल पडते.

भोकाबद्दल मात्र मला टोकाचं बोलायचं नाही. आमच्या गल्लीतला एक पोट्टा साऊंड सर्व्हिस चालवतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागला की त्याचे बॉक्स कधी वडशाकडे, कधी सिंदेवाहीकडे असतात. माझी पेटी पाहून तो म्हणाला, "काका, याले तं भोकच नाई. बास कोठून निंगन?" मी म्हटलं, तुझा १५ इंची आण बाबा, तोही टांगू. त्याचा एफएस ४८, क्यूईएस ०.३२, क्यूटीएस ०.३०. एफएसला क्यूईएसने भागायचं. पन्नासच्या आसपास आलं तर वूफर बंद पेटीचा, शंभराच्या वर गेलं तर भोकाच्या पेटीचा. माझा साठ, त्याचा दीडशे. त्याचा वूफर मी म्हणतो तशा सपाट हिशेबाने बंद पेटीत घातला तर ११३ हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज पडायला लागेल, म्हणजे बास जवळजवळ गेलाच. दोन हजार माणसांच्या मैदानात नाटकातला संवाद पोचवायला बनवलेला वूफर आहे तो, त्याला भोक हवंच. आणि तेही दोन इंची ठोकून चालत नाही, त्या नळीची लांबी-रुंदी पेटीच्या लिटरवर ठरते. मोजमापं जराशी चुकली तरी भोकाची पेटी बिघडते. बंद पेटी पाच-सात लिटर इकडेतिकडे सहज खपवून घेते. जुना वूफर, गावचा सुतार आणि पहिलाच प्रयोग असेल तर म्हणून बंद पेटी.

लाकडाचं सांगतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाचं कौतुक मला कमी नाही, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना इथलंच सागवान गेलं. पण या पेटीला अखंड सागवानी फळी नको. ब्रह्मपुरीचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या पुढे जातो, फळी आकसते, सांधा केसभर उघडतो, आणि केसभर उघडलेली बंद पेटी ही बंद पेटी राहत नाही. एमडीएफ एरवी चांगला, पण इथल्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्यावा, त्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो. अर्ध्या शीटमध्ये पेटी होते.

६२ लिटर हवे होते तरी मी पेटी आतून साडेअठ्ठावन्न लिटरचीच करायला सांगितली. ४६ बाय ३८ बाय साडेतेहतीस सेंटिमीटर. तिन्ही मापं मुद्दाम वेगवेगळी. वूफरचा मागचा भाग आणि मधली आडवी दांडी यांनी साडेतीन लिटर खाल्ले, राहिले ५५. उरलेली कसर भरावाने काढली. पेटीत मोकळं तंतुमय भरलं की दाबल्या जाणाऱ्या हवेची उष्णता ते तंतू शोषतात, हवा नरम पडते आणि पेटी आहे त्यापेक्षा मोठी असल्यासारखी वागते. कागदावर ही वाढ १.४ पटीपर्यंत जाते, प्रत्यक्षात दहा-पंधरा टक्के मिळाले तरी पुष्कळ. विदर्भात राहून मी कापूस घातला नाही याचं पिंजाऱ्याला वाईट वाटलं. पण कापूस पावसाळ्यात दबून तळाशी गोळा होतो आणि उंदरांना आयती गादी मिळते. उशीत भरतात ते रेक्रॉन अर्धा किलो, हाताने पिंजून, सैल भरलं. भरण्यापूर्वी पेटीतला सूर ४९ ला जरा कमी होता, भरल्यावर ४७. गणितात जे आलं होतं तेच मीटरवर दिसलं तेव्हा सुतारानेही मीटर हातात घेऊन पाहिला.

सांध्यांना फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही. आतून प्रत्येक कोपऱ्यात फेविकॉलमध्ये कालवलेला प्लायचा भुसा बोटाने भरून घ्यावा. वायरसाठी प्लास्टिकची वाटी मिळते ती घेऊ नये, हवा तिथूनच जाते. दोन पितळी बोल्ट फळीतून आरपार काढावेत आणि एम-सीलने बुजवावेत. वूफरखाली सायकलची जुनी ट्यूब कापून गोल गास्केट. सगळं बसलं की कोन बोटांनी हळूच आत दाबून सोडावा. तो सावकाश परतला तर पेटी बंद आहे, पटकन उसळला तर कुठेतरी फट आहे. फट शोधायला २० हर्ट्झचा सूर लावून सांध्याशेजारून उदबत्ती फिरवावी, धूर जिथे थरथरतो तिथे भुसा-फेविकॉल.

ॲम्प्लिफायरसाठी टीडीए ७२९४ आयसीचा तयार बोर्ड नागपुरात बर्डीवर मिळतो. घरासाठी तेवढा पुष्कळ. त्याच्याआधी ८० हर्ट्झच्या वरचं कापणारा लो-पास फिल्टर. ट्रान्सफॉर्मर मीच गुंडाळला, आणि इथे शहरातल्या माणसाला सुचणार नाही अशी एक गोष्ट आहे. सगळे सांगतात २४-०-२४ घ्या. २४ व्होल्टचे डीसी ३४ होतात, आयसी ४० पर्यंत सोसतो, हिशेब बरोबर. पण आमच्या विजेच्या फीडरवर संध्याकाळी १८० व्होल्ट असतात आणि रात्री मिल बंद झाली की २६० दिसतात. २६० ला ते ३४ चे ३८ होतात, आयसी कडेवर जाऊन बसतो. मी २२-०-२२ गुंडाळला. २६० ला सुद्धा ३५ च्या वर जात नाही. थोडे वॅट कमी मिळतात, पण रात्री झोप लागते.

या पेटीतून सिनेमातला भूकंप येत नाही, हेही सांगून टाकतो. ४७ हर्ट्झच्या खाली बंद पेटी दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरते. टोनचं बटण पिळून ती भर काढायला गेलात तर ६ डेसिबलला चौपट वॅट लागतात, आणि तोच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोन चौपट हलावा लागतो. जुन्या वूफरची कॉइल तेवढी हलायला बनलेलीच नाही, मागच्या लोखंडावर आपटते. मृदंगाचा धुमा, तबल्याचा डग्गा, तंबोऱ्याचा खर्ज, जुन्या गाण्यांतला डबल बास, हे सगळं मात्र जसं आहे तसं येतं आणि जिथे थांबायचं तिथे थांबतं. मला एवढंच हवं होतं. भजनाची कॅसेट लावली तेव्हा धुम्यावर तळहात दाबून सूर ओढल्याचं पहिल्यांदा नीट कळलं.

पेटी कुठे ठेवायची त्याचाही फरक पडतो. माझी स्लॅबची खोली १२ फूट लांब. तेवढ्या लांबीत ४७ हर्ट्झचा सूर दोन भिंतींच्या मध्ये अडकून घुमतो, आणि माझ्या पेटीचा सूरही नेमका तिथलाच. कोपऱ्यात ठेवली तर घुमणं वाढतं. म्हणून आधी पेटी आपण बसतो त्या जागी ठेवावी, गाणं लावावं आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर फिरावं. जिथे बास सारखा ऐकू येईल तिथे पेटी न्यावी. घरचे हसतात, हसू द्यावं. कवेलूच्या जुन्या घरात ही अडचण फारशी येत नाही, तिथे खालचे सूर छपरातून निघून जातात. टिनाच्या छपराखाली मात्र आधी टिनाचे बोल्ट आवळून घ्यावेत.

राहिला वरातींचा प्रश्न. ते पत्र लिहिणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, तुमची खिडकी हादरते हे खरं आहे आणि मीटर मात्र सगळं ठीक दाखवतो हेही खरं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण ती 'ए' मापाची. हे माप कानाला खालचे सूर मंद आवाजात कमी ऐकू येतात या हिशेबाने बेतलेलं आहे. ५० हर्ट्झच्या आवाजातून ते ३० डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतं. म्हणजे छातीत धडकणारा १०० डेसिबलचा ठोका त्याच्या लेखी ७०. त्याच मीटरवर 'सी' मापाचं बटण असतं, तिथे ५० हर्ट्झला दीड डेसिबलसुद्धा वजावट होत नाही. मागणी करायचीच तर वरातीच्या गाड्यांचा आवाज 'सी' मापानेही मोजा अशी करावी, आणि आपल्या वर्तमानपत्राने ती लावून धरावी. वूफरवर बंदी घातली तर हातात येणार काय? रात्री दहानंतर मी माझीही पेटी बंद करतो, कारण खालचे सूर भिंत जुमानत नाहीत आणि शेजारी पहाटे चारला उठून रोवणीला जाणारी माणसं आहेत.

त्या सदराच्या लेखकांना माझं पत्र जरूर द्यावं. भोक पाडायचा सल्ला वाचून इथल्या दोघा-तिघांनी चांगल्या पेट्यांना होल-सॉ लावला, त्यातली एक माझ्याकडे बुजवायला आली आहे. लेख दुरुस्त करून छापणार असाल तर वरचे आकडे वापरायला माझी हरकत नाही, फक्त ते माझ्या वूफरचे आहेत असं लिहा, नाहीतर लोक स्वतःचा न मोजता ५५ लिटरच करतील. पत्र लांबलं आहे. जागा कमी पडली तर वरातीचा भाग गाळा, मोजण्याचा गाळू नका.

आपला,
एक वाइंडिंगवाला
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर
(नाव छापू नये. आधीच गिऱ्हाइकांच्या मोटारी मागे पडल्या आहेत.)